पाठ : घरातील समुद्र आणि त्याची नळजोडणी

प्रास्ताविक

गोड्या पाण्यातील माशांची काचपेटी तुम्ही अनेक घरांत आणि दुकानांत पाहिली असेल. खाऱ्या पाण्याची, म्हणजे समुद्रातील खडकांवर राहणाऱ्या जीवांची पेटी मात्र क्वचित दिसते. ती महाग असते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे, की त्या पेटीचे आरोग्य माशांपेक्षा नळांवर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत पाठात अशा पेटीची रचना, विशेषतः तिच्यातील पाण्याची ये-जा, समजून घ्यायची आहे. तांत्रिक विषय मराठीत कसा मांडला जातो, रोजच्या व्यवहारातील शब्द त्यात कसे वापरले जातात, याकडेही वाचताना लक्ष द्या.

मूळ पाठ

इ. स. 1846 मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या एका इंग्रज स्त्रीने टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. लंडनला समुद्र नाही. आणलेले खारे पाणी दोन-चार दिवसांत खराब होणार, हे उघड होते. पंप, वीज, गाळणी यांपैकी काहीही त्या काळी हाताशी नव्हते. तेव्हा तिने एक साधा उपाय योजला. उघड्या खिडकीसमोर उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असे रोज अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. हे काम घरातील दासीकडेही सोपवले जाई. पडणाऱ्या धारेबरोबर हवा पाण्यात मिसळे आणि प्रवाळ तग धरत. पुढे तिने पाण्यात समुद्रशैवालही ठेवले. आज घरोघरच्या खाऱ्या पेट्यांत जो पंप अहोरात्र घुमत असतो, तो त्या दासीचेच काम करतो. फरक इतकाच, की दासी थकली तर सांगू शके. पंप थांबला तर तो काही सांगत नाही.

आता आपल्या पेटीकडे वळू. लांबी 90 सेंमी, रुंदी 45 सेंमी आणि उंची 45 सेंमी अशी पेटी धरा. तिच्यात सुमारे 182 लिटर पाणी मावते. काच, खडक, वाळू यांसह तिचे वजन दोनशे किलोच्या बरेच वर जाते. म्हणून घरातील जुने टेबल किंवा दिवाणखान्यातील शोभेचे कपाट या कामाचे नाही. मजबूत लोखंडी किंवा जाड लाकडी घोडाच हवा आणि तो पाणसळ लावून समतल बसवला पाहिजे. या घोड्याच्या पोटात दुसरी, लहान टाकी ठेवतात. बंगळूर-हैदराबादकडे इमारतीच्या तळटाकीला ‘संप’ म्हणतात. तोच शब्द या छंदातही रूढ आहे. मराठी कानाला ‘संप’ म्हटले की गिरणी कामगार आठवतात, हा भाग निराळा!

ही दोन टाक्यांची व्यवस्था शहरातील माणसाला नवी नाही. खाली टाकी, वर टाकी, मध्ये पंप, आणि वरची टाकी भरून वाहू नये म्हणून ओव्हरफ्लोचा नळ, हे प्रत्येक इमारतीत असते. फरक असा, की इमारतीत ओव्हरफ्लो हा अपघात समजला जातो, तर येथे तो अखंड चालू ठेवायचा असतो. वरच्या पेटीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा करतात. धरणाला जसा सांडवा असतो तसा हा पेटीचा सांडवा. पेटीतील पाणी त्याच्या कडेवरून कप्प्यात पडते, कप्प्यातील नळाने खाली संपात उतरते, तेथे स्वच्छ होते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पाण्याच्या पृष्ठभागावर साचणारी तेलकट साय सर्वांत आधी सांडव्यावरून निघून जाते, हा या रचनेचा मोठा गुण. वरच्या पेटीत गाळणी, तापमापक, वायरी यांची गर्दी होत नाही, हा दुसरा.

नळजोडणीचे साहित्य कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. काचेला भोक पाडून टँक निपल बसवावे लागते. टफन्ड काचेला मात्र भोक पाडता येत नाही, प्रयत्न केल्यास संपूर्ण काच चुरा होते. तेव्हा काच कोणती आहे, हे भोक पाडण्यापूर्वी विचारून घ्यावे. पुढचे नळ, एल्बो, बॉल व्हॉल्व्ह सगळे पीव्हीसीचे असावेत. पितळेची एकही तोटी या जोडणीत नको. पितळेत तांबे असते आणि तांब्याचा अल्प अंशही कोळंबी, शंख, प्रवाळ यांना विषारी ठरतो. घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी आपल्याला कितीही आदर असला, तरी समुद्री जीवांना तो नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन जोडावे, म्हणजे सफाईसाठी पंप काढताना नळ कापावा लागत नाही. हा पैसा वाचवू नये. सॉल्व्हंट सिमेंट लावल्यावर सांधा पुरता वाळू द्यावा आणि पहिली चाचणी साध्या पाण्याने करावी.

नळ गळत नाहीत, पंप चालतो, पाणी फिरते, एवढे झाले की पेटी तयार झाली असे नवख्या माणसाला वाटते. खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. उन्हाळ्याच्या दिवसांत रात्री दोन वाजता वीज गेली, असे समजा. पंप थांबतो. सांडव्याच्या कडेच्या वर असलेले पाणी खाली उतरते, ते अपेक्षितच असते. पण पंपाचा वर चढणारा नळ? त्याचे एक तोंड पेटीतील पाण्यात बुडालेले आणि दुसरे टोक खाली संपात. पंप पाणी ढकलत होता तोवर ते वर जात होते. आता तेच पाणी त्याच नळातून उलट खाली येऊ लागते. पिंपातील रॉकेल रबरी नळीने काढताना एकदा तोंडाने ओढले की पुढे ते आपोआप वाहते, तीच ही क्रिया. शास्त्राच्या पुस्तकात तिला वक्रनलिका म्हणतात, व्यवहारात सायफन. नळाचे वरचे तोंड उघडे पडून आत हवा शिरेपर्यंत हा प्रवाह थांबत नाही.

किती पाणी उतरेल, याचा हिशेब कागदावर करता येतो. पेटीचा पृष्ठभाग 90 × 45, म्हणजे 4050 चौ. सेंमी. पाणी 1 सेंमी खाली गेले, तर 4 लिटरहून किंचित जास्त पाणी खाली येते. नळाचे तोंड पृष्ठभागाखाली 10 सेंमी असेल, तर सुमारे 40 लिटर. आपला संप 60 × 35 × 35 सेंमीचा आहे आणि त्यात एरवी 20 सेंमी पाणी असते. वरची मोकळी जागा 15 सेंमी, म्हणजे साडेएकतीस लिटरची. उरलेले नऊ लिटर खारे पाणी रात्रीच्या अंधारात जमिनीवर, आणि जवळच विजेचे बोर्ड असेल तर त्यावरही! सकाळी वीज आल्यावर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. चढत्या नळाला पेटीतील पाण्याच्या पृष्ठभागाखाली सेंटिमीटरभर अंतरावर एक बारीक भोक पाडावे. पाणी तेवढे उतरले की भोकातून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. मग सांडव्याच्या कडेवरचे दोन सेंमी, म्हणजे सुमारे 8 लिटर, आणि नळांतील थोडे पाणी एवढेच संपात येते. ते तेथे सहज मावते. बाजारात यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही मिळतो. पण त्याच्या पडद्यावर चुनखडी साचते, कधी एखादा लहान शंख अडकतो, आणि तो नेमका हवा त्या वेळी बंद होत नाही. भोकही शेवाळाने बुजू शकते. म्हणून ते दर आठवड्याला काडीने मोकळे करावे, आणि महिन्यातून एकदा आपण होऊन पंप बंद करून संपातील पाणी किती चढते ते पाहावे.

उलट अपघातही होतो. सांडव्याच्या नळात शेवाळाचा गोळा किंवा मेलेला मासा अडकला, तर खालचे पाणी वर चढत राहते आणि वरून उतरत नाही. पेटी काठोकाठ भरून वाहते. म्हणून सांडव्याच्या कप्प्यात पहिल्या नळापेक्षा उंच असा दुसरा, एरवी कोरडा राहणारा नळ ठेवतात. त्याशिवाय आणखी एक युक्ती आहे. संपात उभ्या काचा लावून कप्पे करतात. त्यांतील पंपाचा कप्पा 20 × 35 सेंमीचा आणि पाणी 20 सेंमी ठेवले, तर त्यात 14 लिटर पाणी असते. वरच्या पेटीत काठापर्यंत 4 सेंमी जागा मोकळी असेल, तर तेथे 16 लिटर मावते. दोन्ही नळ तुंबले तरी पंप आपला कप्पा उपसून कोरडा पडेल, पण जमीन भिजणार नाही. पंप जळेल कदाचित. पंप पुन्हा विकत घेता येतो.

पाण्याविषयी थोडे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरच्या पाण्यात क्षार. म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी घेऊन त्यात समुद्री पेट्यांसाठी तयार केलेले मीठ दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम मिसळतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक क्षार असतात. तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस हवे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेच कठीण. पंखा लावला तर पाणी थंड होते, पण अधिक उडून जाते. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. तेव्हा घट भरून काढायची ती गोड्या पाण्यानेच. खारे ओतत राहिल्यास काही आठवड्यांत पेटीचा मृत समुद्र होईल.

पेटी भरल्याबरोबर मासे सोडण्याचा मोह आवरावा. माशांच्या मलातून अमोनिया निर्माण होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसरे काही जीवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू खडकाच्या छिद्रांत वस्ती करतात आणि त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. या काळात रिकामी पेटी पाहत बसणे, हा या छंदातील सर्वांत अवघड भाग.

शेवटी प्रश्न उरतो प्रवाळांचा. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. लक्षद्वीपची बेटे तर प्रवाळांचीच बनलेली आहेत. तेथून एक तुकडा उचलून आणला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. सर्व खडकनिर्माते प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडे त्याच अनुसूचीत आहेत. म्हणजे तो तुकडा उचलणे हा वाघ मारण्याच्या पंक्तीतला गुन्हा आहे. दुकानदाराने ‘सगळे घेतात’ असे सांगितले म्हणून तो कमी होत नाही. बाहेरदेशातून आणलेल्या जीवांनाही कागदपत्रे लागतात. ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्याकडच्या नवशिक्याने भट्टीत भाजलेल्या सच्छिद्र खडकांची रास रचावी आणि तीत विदूषक माशाची जोडी सोडावी. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने या माशाची पैदास टाकीत करण्याचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे तो समुद्रातून पकडण्याची गरज उरत नाही. समुद्रफूल नसले तरी त्याचे अडत नाही. कधी कधी तो पंपाच्या धारेजवळच्या एखाद्या खडकालाच आपले घर मानतो आणि सफाईसाठी हात आत घातला की त्यावर धावून येतो.

शब्दार्थ

सांडवा – धरणातील जादा पाणी वाहून जाण्याची वाट. पाणसळ – पातळी तपासण्याचे साधन. वक्रनलिका – सायफन. सच्छिद्र – छिद्रे असलेला. अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी. तग धरणे – टिकून राहणे.

पाठगत प्रश्न

1. अ‍ॅना थिन हिने पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याचा उपाय का योजला?
2. नळजोडणीत पितळेची तोटी का वापरू नये?
3. ‘पंप पुन्हा विकत घेता येतो,’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
4. तुमच्या घरातील किंवा इमारतीतील पाण्याच्या टाक्यांची जोडणी पाहा आणि तिचे आठ-दहा वाक्यांत वर्णन लिहा.
5. एका पेटीचा पृष्ठभाग 120 × 50 सेंमी आहे. चढत्या नळाचे तोंड पाण्याखाली 6 सेंमी असून त्याला भोक नाही. वीज गेल्यास किती लिटर पाणी खाली येईल?