कॅसेटमधले आजोबा

दोस्तहो, सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या कॅसेटची ही गोष्ट आहे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीतच बोलते!

माझा मामा मस्कतला नोकरीला होता. १९९८ च्या गणपतीत तो रत्नागिरीजवळच्या आमच्या आजोळी आला तेव्हा त्याच्याकडे नवीन व्हिडिओ-८ कॅमकॉर्डर होता. त्याने घरचा गणपती, आरती आणि आजोबा, सगळ्यांचं शूटिंग केलं. आजोबा २००१ साली गेले. मी त्यांना पाहिलेलंच नाही, आणि आईने त्यांचा आवाज वीसहून जास्त वर्षांत ऐकला नव्हता. गेल्या मे महिन्यात माळ्यावर ती कॅसेट आणि कॅमेरा दोन्ही सापडलं. मी ऐटीत म्हणाले, "आई, एका दुपारचं काम आहे!"

इथेच माझं चुकलं. आजोबा नेमके कुठे दिसतात ते शोधायला मी कॅसेट पुढे पळवली, मागे आणली, पॉज केली. चौथ्या वेळी स्क्रीनवर नुसत्या मुंग्या. कॅसेट बाहेर काढली तर टेप आत अडकून चुरगळलेली. आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी टेप हलक्या हाताने सोडवली, हेड साफ केलं आणि मला सुनावलं, "अगं, ही कॅसेट आहे, मोबाईलवरचं रील नाही पुढेमागे ढकलायला!"

त्यांच्या बोलण्यामागचं सायन्स असं. कॅमकॉर्डरमध्ये हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या फिरतो. त्यावर दोन हेड असतात. पॉज केलं की टेप थांबते, पण ड्रम फिरतच राहतो, म्हणजे टेपच्या एकाच जागेवर सेकंदाला ५० वेळा घासलं जातं. त्यात कोकणातली दमट हवा, टेपवर बुरशी. म्हणून पहिला नियम: आधी साठवा, मग बघा. पहिल्यांदा प्ले कराल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे.

आता पायऱ्या.

१. तयारी : कॅसेटच्या खिडकीतून बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती मशीनमध्ये घालूच नका, जाणकाराला दाखवा. कडेची खटकी सरकवून रेकॉर्डिंग बंद करा. हेड साफ करायला कापसाची काडी नको, तंतू अडकतात. आणि सगळी ट्रायल बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर घ्या.

२. जोडणी : कॅमेऱ्याच्या एव्ही आउटमधून पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. त्या यूएसबी कॅप्चर डिव्हाइसला जोडा. कॅमेऱ्याला एस-व्हिडिओ असेल तर पिवळीऐवजी तो वापरा. त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात, चित्र स्वच्छ मिळतं.

३. पाल की एनटीएससी : भारतातल्या कॅसेट्स बहुतेक पाल पद्धतीच्या. पण डिव्हाइस पुष्कळदा एनटीएससीवर सेट असतं. चित्र काळं-पांढरं दिसलं किंवा वर-वर सरकत राहिलं तर घाबरू नका, आधी हे सेटिंग बघा.

४. जागा : पालची फ्रेम ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम्स, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट. गुणाकार करा, सेकंदाला सुमारे २०.७ एमबी, म्हणजे तासाला जवळजवळ ७५ जीबी! हफवाययूव्हीसारखा लॉसलेस कोडेक वापरला तर हे बरंच कमी होतं आणि काहीच गमावलं जात नाही. व्हर्च्युअलडब हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं.

५. गळलेल्या फ्रेम्स : कॅप्चर चालू असताना त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळू नका. १०० फ्रेम्स गळल्या आणि त्या भरून निघाल्या नाहीत, तर आवाज आणि चित्रात ४ सेकंदांचा फरक पडतो. ओठ आधी, शब्द नंतर! म्हणून ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा बघत राहा.

६. कंगव्याच्या रेघा : पालची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची असते, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. त्यामुळे हलत्या हाताला कॉम्प्युटरवर कंगव्यासारखे दात दिसतात. मूळ फाइलमध्ये ते तसेच राहू द्या. नातेवाइकांना पाठवायची कॉपी वेगळी करा, तिच्यावर डीइंटरलेस फिल्टर लावा. आणि चित्र ४:३ च ठेवा, ताणून आजोबांना जाडं करू नका.

७. प्रती : मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. कॅसेटही फेकू नका.

माझ्या हट्टापायी जिथे टेप चुरगळली तिथली दोन मिनिटं कायमची गेली. कोणतंही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही, मी सगळे फिल्टर लावून पाहिले. बाकीची अकरा मिनिटं मिळाली. त्यात आजोबा मामावर ओरडतात, "अरे, ती समई आधी सरळ कर, मग माझं शूटिंग कर!" आईने तेवढंच तीनदा लावायला सांगितलं. या वेळी मागे घेताना मला भीती वाटली नाही, कारण आता ती फाइल होती.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की माळा नक्की शोधा. सर, मॅडम, तुम्हीसुद्धा! डिव्हाइस माझ्याकडे आहे, कॅसेट घेऊन या. फक्त "जरा पुढे पळव ना" असं म्हणू नका.