रेडिओची लहर आणि प्रकाशाचा कण

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यात एखाद्या शेताच्या बांधावर तुम्ही उभे आहात असे समजा. शेजारी सौरपंपाच्या पट्ट्या उन्हात तापत आहेत, हातात रेडिओ वाजतो आहे. ऊन काय किंवा रेडिओच्या लहरी काय, दोन्ही विद्युत्‌चुंबकीय प्रारणेच. मग रेडिओचा हिशेब लहरींनी आणि सौरपट्टीचा फोटॉनांनी, असे का?

फोटॉनची ऊर्जा कंप्रतेच्या, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांच्या, प्रमाणात असते. आइन्स्टाइनने ही कल्पना १९०५ साली मांडली. सौरपट्टीतल्या सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करायचा तर पुरेशी ऊर्जा एकाच फोटॉनने द्यावी लागते. सुमारे १.१ मायक्रॉनहून अधिक तरंगलांबीचे प्रारण कितीही प्रखर असो, ते हे काम करू शकत नाही. दहा दुबळ्या फोटॉनांनी मिळून एक धक्का द्यावा, अशी सोय तेथे नाही!

आता पुणे जिल्ह्यातील खोडदला चला. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातील हायड्रोजनकडून येणारी २१ सेंटिमीटरची लहर ती टिपते. हिची कंप्रता १४२० मेगॅहर्ट्‌झ. हिच्या एका फोटॉनची ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनच्या सुमारे चार लाखांश! खोलीच्या तापमानाला उष्णतेची सहज होणारी खळबळच तिच्या चार हजार पटींहून अधिक असते. असा एकेक कण वेगळा मोजणार कसा? म्हणून वेगवेगळ्या तबकड्यांवर आलेल्या लहरींचे चढउतार जुळवूनच आकाशाचे चित्र काढतात. फोटॉन तेथेही असतातच. त्यांचा दाणा मात्र दिसत नाही, इतकेच.

मग लहर म्हणजे फोटॉनांची नुसती गर्दी का? नाही. जी. आय. टेलर यांनी १९०९ साली अतिशय मंद प्रकाशात सुईच्या सावलीचे छायाचित्र घेतले. एका छायाचित्राला सुमारे तीन महिने लागले. तरीही सावलीच्या कडेचे काळे-पांढरे पट्टे तितकेच स्पष्ट उमटले. आजची उपकरणे तर फोटॉन एकेक करून टिपतात. प्रत्येकाचा एकच ठिपका पडतो, पण हजारो ठिपके साचले की तेच पट्टे दिसू लागतात. जेथे लहर प्रबळ तेथे ठिपके दाट, जेथे लहरी एकमेकींना मारतात तेथे जागा कोरी. म्हणजे फोटॉन कोठे सापडण्याचा संभव किती, हे लहर सांगते. आणि ऊर्जा देताना ती अख्खा पुंजच देते.

काही पुस्तकांत फोटॉन वळवळणाऱ्या अळीसारखा काढलेला असतो. ते चित्र खुशाल विसरा. तसे असते, तर ३०० मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरीची अळी धानोऱ्याच्या शेतात मावली नसती!