बोटं टेकली, पण कंबर वाकली का?

कारखान्यातल्या आरोग्य शिबिरात कंबरेची तपासणी अनेकदा अर्ध्या मिनिटात उरकते. उभं राहायचं, गुडघे ताठ ठेवून वाकायचं, बोटं जमिनीला टेकवायची. चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळणाऱ्या चाळिशीतल्या एका गृहस्थांचीही अशीच उरकली. कंबरेत उसण भरल्यामुळे ते रजेवर होते आणि नुकतेच परतले होते. बोटं टेकली, कागदावर ‘फिट’ असं आलं, आणि जमिनीवरचे सुट्या भागांचे क्रेट उचलण्याचं पूर्ण काम त्याच शिफ्टपासून त्यांच्या अंगावर पडलं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा अंथरुणाला खिळले. आता ते रोज कामावर आहेत आणि स्टोअर्समध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आपली हकिकत सांगतात.

घोटाळा कुठे झाला, हे त्यांना एका फिजिओथेरपिस्टने दाखवलं. माणूस खाली वाकतो तो खुब्यातून आणि कंबरेच्या मणक्यांतून. मांड्यांमागचे स्नायू सैल असतील, तर एकट्या खुब्यातून वाकूनही बोटं जमिनीपर्यंत पोचतात. या गृहस्थांना लहानपणापासून सूर्यनमस्कारांची सवय, त्यामुळे खुबे मोकळे. दुखण्यानंतर कंबर मात्र त्यांनी नकळत आवळून धरली होती. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला, तेव्हा वाकताना त्यांची पाठ फळीसारखी सरळ राहिलेली दिसली. उलटही घडतं. मांड्यांमागचे स्नायू आखडलेल्या माणसाची कंबर उत्तम हलते, पण बोटं नडग्यांपाशीच अडतात आणि तो उगाच ‘अनफिट’ ठरतो.

कंबर खरोखर किती हलते हे पाहायला शिंप्याची टेप पुरते. जर्मन डॉक्टर शोबर यांनी 1937 मध्ये ही रीत मांडली, 1969 मध्ये मॅक्रे आणि राइट यांनी ती सुधारली. कंबरेच्या खाली दोन बाजूंना दोन खळ्या दिसतात. त्यांच्या पातळीवर पाठीच्या मध्यावर एक खूण करायची, तिच्या 10 सेंटिमीटर वर दुसरी आणि 5 सेंटिमीटर खाली तिसरी. ताठ उभं असताना वरच्या आणि खालच्या खुणेत 15 सेंटिमीटर अंतर असतं. पूर्ण वाकल्यावर ते निरोगी प्रौढात साधारण 20 किंवा त्याहून जास्त होतं. वय वाढेल तसं थोडं कमी. या गृहस्थांचं 17 वरच थांबलं.

टेपवरही डोळे झाकून विसंबू नये. खूण जराशी सरकली, मोजणारा बदलला, आधी थोडं चालून आलं, की आकडा हलतो. वेळेचाही फरक पडतो. मणक्यांमधल्या गाद्या रात्री पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी कंबर ताठर असते. सकाळी सात वाजताचं माप आणि संध्याकाळचं माप शेजारी ठेवून सुधारणा झाली म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. एकाच माणसाने, एकाच वेळी, त्याच खुणांवर मोजावं आणि मापाशेजारी वेळही लिहावी. पहिल्या पाळीवाल्यांनी उठल्याउठल्या खोल वाकणं टाळलेलं बरं. जुनी कंबरदुखी असलेल्यांना असं टाळल्याने आराम पडतो, असं 1998 मध्ये स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं होतं.

पुढे व्यायामाने या गृहस्थांचा आकडा वाढला. तरीही क्रेटपुढे उभं राहिलं की हात पुढे होईना. ‘मणक्यात गॅप आहे’ हे कुणीतरी एमआरआय पाहून म्हटलेलं त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. असं दिसण्याचा खरा अर्थ त्यांना कुणी वेळेवर समजावायला हवा होता. कसलंही दुखणं नसलेल्या 3,110 लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या सुमारे 68 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. झीज दिसणं आणि दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अंथरुणाचंही तसंच. हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास 1995 चा. नुकतीच कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, काहींना जमेल तेवढं रोजचं काम करत राहायला सांगितलं. सर्वांत लवकर सावरले ते हे तिसरे.

म्हणून त्यांच्या पुनर्वसनात पुढे टेप मागे पडली आणि क्रेट आला. आधी रिकामा, मग अर्धा भरलेला, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी आहे हे विचारलं जाई, आणि त्यावरून वजन ठरे. कामावर परतणाऱ्याची खरी परीक्षा त्याच्या कामातच व्हायला हवी. डॉक्टरांकडून नुसतं ‘फिट’ घेऊ नये. किती वजन, कोणत्या उंचीवरून, किती वेळा, हे लिहून मागावं.

आता कारखान्याबद्दल. ‘पाठ सरळ ठेवा, गुडघ्यातून वाका’ अशी पोस्टरं भिंतीवर होती, वर्षातून एकदा व्याख्यानही व्हायचं. अमेरिकेत जवळपास 4,000 टपाल कर्मचाऱ्यांना असंच शिक्षण देऊन पाच वर्षांहून अधिक काळ पाहिलं गेलं. कंबरेच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. तो अहवाल 1997 चा. फरक पडतो तो सामानाची जागा बदलली की. वजन उचलण्यासाठी अमेरिकेच्या ‘नायोश’ संस्थेने केलेल्या सूत्रात 23 किलो ही मर्यादा सर्वांत अनुकूल परिस्थितीतली आहे. तेच ओझं शरीराच्या मध्यापासून 50 सेंटिमीटर दूर धरावं लागलं, तर मर्यादा निम्मी होते. जमिनीवरून उचलायचं असेल तर आणखी घटते. या गृहस्थांच्या स्टोअर्समध्ये रोज लागणारे क्रेट कंबरेच्या उंचीच्या रॅकवर आले, तळाशी क्वचित लागणारं सामान गेलं. खर्च फार नव्हता. शिबिराच्या मंडपाचे पैसे आधी इकडे वळवावेत, असं मला मनापासून वाटतं.

कामाबद्दल माणसाला काय वाटतं आणि सुपरवायझर कसा वागतो, याचाही यात वाटा असतो. बोइंग कंपनीच्या 3,020 कामगारांच्या 1991 च्या अभ्यासात, ज्यांना आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नव्हतं, त्यांनी कंबरदुखीची तक्रार करण्याचं प्रमाण, ज्यांना काम जवळजवळ नेहमी आवडत होतं त्यांच्या अडीच पट निघालं. दुखणं खोटं होतं, असा याचा अर्थ अजिबात नाही. पण परतलेल्या माणसाकडे संशयाने पाहिलं, तर त्याचं सावरणं लांबतं.

काही लक्षणांत मात्र टेप, व्यायाम, रॅक कशाचीच वाट पाहायची नाही. लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावं. कंबरदुखीबरोबर ताप असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तरी लगेच डॉक्टरांना दाखवावं. ऐन तरुण वयात सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, हालचालीने कमी आणि विश्रांतीने जास्त होत असेल, आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जावं. शोबर यांची टेप त्यांच्या दवाखान्यात आजही निघते.