ओ कोणी दिली ते आधी बघ

बाळा, इन्स्टॉलर अर्ध्यावर अडला की तू तो लगेच काढतोस, परत टाकतोस आणि झोपेचं खोबरं करून घेतोस, हे मला ठाऊक आहे. पुष्कळदा इन्स्टॉलर धडच असतो. त्याने ‘फाइंड’ म्हणून हाक मारलेली असते आणि ओ दिलेली असते भलत्याच फाइंडने. अंगणात एकाच नावाची दोन पोरं असली की जे जवळ असेल तेच धावत येतं ना? संगणकही पाथच्या यादीत, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधायचे त्यांच्या यादीत, आधी जे सापडेल तेच चालवतो. म्हणून या बारीकसारीक सवयी लावून घे.

१. परत टाकण्याआधी पत्ता विचार. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर फाइंड’, मॅक-लिनक्सवर ‘टाइप -ए फाइंड’ — उत्तरात पहिली ओळ ज्याची, काम त्याच्याकडे जातं.

२. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिही — तिथे नुसतं ‘व्हेअर’ ही वेगळीच कमांड आहे, ती पत्ता सांगत नाही.

३. एरर वरून खाली वाच, शेवटची ओळ बघून घाबरू नकोस. ‘पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट’ दिसलं तर विंडोजचा फाइंड बोलतोय — तो फाइलमधला मजकूर शोधतो, युनिक्सचा फाइली शोधतो, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही.

४. विंडोजवर गिट टाकताना पाथच्या पानावर मधलाच पर्याय ठेव. लाल अक्षरांवरून ‘नेक्स्ट’ दाबत पळू नकोस — तिसऱ्या पर्यायाने युनिक्सची टूलं पाथमध्ये येतात आणि विंडोजचे ‘फाइंड’ नि ‘सॉर्ट’ मागे पडतात.

५. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने काही बांधायचं असेल तर गिट बॅशमध्ये नको, डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये बांध — ‘लिंक’ नावाचं युनिक्सचं टूल फाइलला दुसरं नाव जोडतं, मायक्रोसॉफ्टचं ‘लिंक’ प्रोग्राम जुळवतं. नाव सारखं म्हणून काम सारखं नसतं.

६. मॅकवर जीएनयूचा ‘सेड’ हवा असेल तर होमब्रूने टाक आणि ‘जीसेड’ म्हणूनच वापर — मॅकच्या सेडला ‘-आय’नंतर बॅकअपचं शेपूट सांगावं लागतं, ते रिकामं असलं तरी, जीएनयूच्या सेडला लागत नाही. दोघांना वेगळी नावं असली की भांडण नाही.

७. लिनक्सच्या मूळ ‘पायथन३’ला हात लावू नकोस, आपल्या कामासाठी ‘व्हेन्व्ह’ कर — सिस्टिमची कित्येक टूलं त्याच पायथनवर चालतात. २०२३च्या डेबियन १२पासून पिपच तिथे काही टाकायला नकार देतो. तो जबरदस्तीने मोडू नकोस. घरच्याचं घरच्याला, आपलं आपल्या खोलीत.

८. ॲनाकोंडा असेल तर दुसरं काही बांधण्याआधी ‘कोंडा डिॲक्टिव्हेट’ कर — त्याचं ‘बेस’ चालू असलं की त्याचं फोल्डर पाथमध्ये सगळ्यांच्या पुढे येऊन बसतं.

९. पाथ बदलण्याआधी जुना पाथ एका फाइलमध्ये उतरवून ठेव, आणि ‘सेटएक्स’ने लांबलचक पाथ लिहू नकोस — ते १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकतं. पाथ आधी वहीत, मग हात यादीत.

१०. संशय आला की एकाच खिडकीत पाथ तात्पुरता छोटा कर, विंडोजच्या मूळ फोल्डरांपुरता, आणि इन्स्टॉलर तिथूनच चालव — चालला तर चोर पाथमध्येच आहे हे कळतं, आणि खिडकी बंद केली की सगळं पूर्ववत.

११. पाथ सुधारल्यावर टर्मिनल बंद करून नवं उघड — जुन्या खिडकीला जुनाच पाथ माहीत असतो. पाथ तोच असून नुसतं टूल जागा बदललं असेल, तर बॅशमध्ये ‘हॅश -आर’ही पुरतं, कारण आधी सापडलेले पत्ते बॅश लक्षात ठेवतं आणि ते त्याने पुसले जातात.

१२. स्वतः इन्स्टॉलर लिहिशील तेव्हा ‘फाइंड’ला सिस्टिम३२ फोल्डरापासूनच्या पूर्ण पत्त्याने बोलाव — तुझ्या मशीनवरचा पाथ दुसऱ्याच्या मशीनवर नसतो, आणि त्या बिचाऱ्याची रात्र वाचेल.

एवढं करूनही अडलास तर संकोच करू नकोस, कधीही विचार. फक्त ‘चालत नाही’ एवढंच कळवू नकोस. व्हेअरचं उत्तर आणि एररची पहिली ओळ सोबत पाठव, मग बसून सोडवू.