चकचकीत पत्रा तापतो कसा?

प्रश्न : आम्ही गोवंडीत बैंगनवाडीला राहतो. खाली खोली, वर माळा, त्यावर पत्रा. गेल्या वर्षी जुना गंजलेला पत्रा काढून नवा टाकला. उन्हात बघितलं तर डोळे दिपतात, म्हणजे ऊन परत जातंय ना? मग दुपारी माळ्यावर मशीन घेऊन बसवत का नाही? आता शेजारचे म्हणतात पांढरा रंग मारा. फरक पडेल, की पैसे पाण्यात जातील?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, बागेतली स्टीलची घसरगुंडी आठवा. आरशासारखी चमकते, पण एप्रिलच्या दुपारी पोर तिच्यावर बसलं की किंचाळून उठतं.

उन्हात टिकायचं तर छपराला दोन कामं यावी लागतात. एक, आलेलं ऊन परतवणं. दुसरं, जे थोडं मुरतंच त्याची उष्णता न दिसणाऱ्या किरणांतून आकाशाकडे सोडून देणं. जस्ताचा नवा पत्रा पहिलं काम बऱ्यापैकी करतो, दुसऱ्यात मात्र अगदी कच्चा असतो. उघड्या चकचकीत धातूला किरणांतून उष्णता फारशी बाहेर टाकता येत नाही, म्हणून तो तापत जातो. जुना होऊन गंजला की पहिलं काम बिघडतं. चांगला पांढरा रंग ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो आणि उरलेली उष्णताही सहज सोडतो. चंदेरी रंगाला हे दुसरं काम नीट जमत नाही. दुकानदाराने तो पुढे केला तर घेऊ नका.

हिशेब करून बघू. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. १० बाय १५ची खोली म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर छप्पर. एक इस्त्री १००० वॅटची धरली, तर तुमच्या डोक्यावर चौदा इस्त्र्या चालू आहेत. गंजका पत्रा त्यातल्या आठ-नऊ आत घेतो, पांढरा रंगवलेला जेमतेम तीन. खोलीतल्या हवेत यामुळे २ ते ५ अंशांचा उतार पडू शकतो. आकडा लहान दिसतो, पण माळ्यावर पत्रा हाताच्या अंतरावर असताना दिवसभर शिलाई करणाऱ्या बाईला तो लहान नाही.

आता रंग कसा मारायचा ते. नव्या जस्ती पत्र्यावर ऑइलपेंट थेट मारू नका, पापुद्रे सुटतात. आधी पत्रा साबणाने धुवा, जस्ती पत्र्याला चालणारा प्रायमर द्या, मग छपरासाठीच्या पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात. डब्यावर एसआरआय, म्हणजे वरच्या दोन्ही कामांचे मिळून गुण सांगणारा आकडा, शोधा. त्यात ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ० आणि पांढऱ्याला १०० धरतात, तेव्हा १००च्या जवळचा किंवा वरचा घ्या. चुना स्वस्त आहे आणि स्लॅबवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर चांगला बसतो, पण गुळगुळीत जस्तावर तो धरत नाही. पत्र्याची आतली बाजू रंगवू नका. उघड्या धातूचा जो दोष वर सांगितला, तोच आतून तुमच्या फायद्याचा आहे, कारण तो खालच्या माणसांकडेही उष्णता कमी फेकतो. वर चढाल ते सकाळी, विजेच्या तारा सांभाळून. सिमेंटचा पत्रा असेल तर पाय खिळ्यांच्या रांगेवरच, एरवी तो मोडतो.

तुमच्या भागात रंगाचा खरा शत्रू धूळ. देवनारचं डम्पिंग १९२७ सालापासूनचं, शिवाय घाटकोपर-मानखुर्द रस्त्यावरच्या ट्रकांची काजळी. पावसाळ्यात पाऊस छप्पर धुतो, पण दिवाळीनंतर साठलेली धूळ नेमकी उन्हाळ्यात पांढऱ्याचा मातकट करते. पाणी कॅनने विकत घेणाऱ्यांना मी छप्पर धुवा कसं सांगू? मार्चमध्ये आधी कोरडा झाडू आणि मग ओलं फडकं फिरवलं तरी पुष्कळ.

रंगाने दमटपणा जाणार नाही. रात्रीचा उकाडाही फारसा जाणार नाही. ऊन चढलं की पत्रा टक् टक् वाजतो, सूर्य कलल्यावर पुन्हा वाजतो, हे तुम्ही रोज ऐकत असाल. पातळ पत्रा जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर निवतो. रात्री तापवतात त्या भिंती, काँक्रीट आणि वारा न शिरणाऱ्या गल्ल्या. पत्रा आणि भिंतीमधली फट बुजवली असेल तर तिथे जाळी बसवा, गरम हवेला वाट हवी.

हा खर्च एकट्या घराने का सोसावा, हा माझाही प्रश्न आहे. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ साली शीत छपरांचं धोरणच आणलं, २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरांचं उद्दिष्ट ठेवून. मुंबईचाही हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला आहे. तुमच्या एम-पूर्व विभागातल्या पत्र्यांपासून पालिकेने सुरुवात करावी, आणि ही मागणी तुमच्या गल्लीतून लेखी जावी असं मला मनापासून वाटतं.

तोवर, विश्वास बसत नसेल तर आधी अर्धाच पत्रा रंगवा. दुपारी दोन वाजता माळ्यावर चढून दोन्ही भागांखाली तळहात जवळ न्या. टेकवू मात्र नका.