पाना हाती घेण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

मोटार दुरुस्त करणे हा कला शाखेच्या विद्यार्थिनीचा विषय नव्हे, असे कोणासही वाटणे साहजिक आहे. डोक्याचे काम आणि हाताचे काम यांच्यामध्ये आपल्याकडे एक जुनी भिंत उभी आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातच राबले, त्या घरातील मुलांना तर कॉलेजात पाठविताना हेच सांगितले जाते की, आता तुझ्या हाताला काळे लागायला नको. या सांगण्यामागची माया मला कळते. परंतु घरच्या जुन्या मोटारीची किरकोळ दुरुस्ती शिकताना माझे असे मत झाले की, दुरुस्ती हे आधी डोक्याचे काम आहे आणि मग हाताचे. नवशिक्याने त्याची सुरुवात कोठून करावी, ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

मोटारीचा इतिहासही हेच सांगतो. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, तशाच मोटारीने गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतले. ब्रेक झिजले, तेव्हा कारागिराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. त्या इंजिनिअर नव्हत्या. परंतु नेमके काय अडले आहे, हे त्यांना ओळखता येत होते. दुरुस्तीचे मर्म या ओळखण्यात आहे.

आमच्या घरी आहे ती मारुती ८००. ही मोटार १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचे इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. रचना साधी असल्यामुळे शिकणाऱ्याला ती सोयीची पडते. कोणतेही पेट्रोल इंजिन घ्या, ते चार कामे क्रमाने करते : हवा आणि पेट्रोल आत ओढणे, ते मिश्रण दाबणे, ठिणगीने पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे. म्हणजे त्याला हवा, पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब एवढे लागते. यांतील एक जरी कमी पडले तरी इंजिन चालत नाही. हे एक सूत्र मनात पक्के असले की बॉनेटखालचा गुंता सुटू लागतो.

समजा, सकाळी गाडी सुरू होत नाही. 'गाडी बंद पडली' एवढे म्हणून भागत नाही. सेल्फच फिरत नाही, की सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही? हे दोन अगदी वेगळे रोग आहेत. सेल्फ फिरत नसेल तर पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल नीट जोडलेले नाही, असे समजावे. दिवे तसेच लख्ख राहिले तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असतो. याउलट सेल्फ जोमाने फिरत असेल, तर ठिणगी आणि पेट्रोल यांच्याकडे वळावे. हा विचार न करता नवी बॅटरी आणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

प्रत्येक नियमामागचे कारण विचारण्याची सवयही येथेच लागते. बॅटरी काढताना ऋण टर्मिनल आधी सोडावे आणि बसविताना ते शेवटी जोडावे. असे का? गाडीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ते टोक जोडलेले असताना धन टर्मिनलवरचा पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर शॉर्ट सर्किट होते. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

प्लग काढून पाहणे हे तर वाचनच होय. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. अशा वेळी आधी एअर फिल्टर पाहावा. टोक तेलकट ओले असेल तर ऑइल आत शिरत आहे. प्लग परत बसविताना आटे हातानेच धरावेत आणि मग पाना लावावा. आटे एकदा गेले की काम फार वाढते.

काही पथ्ये मात्र कडक आहेत. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून अंगावर येते. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. ब्रेक आणि स्टेअरिंग यांना तर जाणकार मेस्त्री शेजारी असल्याशिवाय हात लावू नये. आपली मर्यादा ओळखणे हासुद्धा विद्येचाच भाग आहे.

माझे वडील टेम्पो चालवितात. त्यांची शाळा चौथीत सुटली. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तिन्हींपैकी एक सिलिंडर काम करीत नाही, हे ते सांगू शकतात. गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक इंग्रजीत असल्यामुळे ते कपाटातच पडून होते. आता मी त्यातील मजकूर त्यांना मराठीत सांगते आणि ते त्यातली वस्तू मला गाडीत दाखवितात. ज्या गोष्टी ते हाताने जाणत होते, त्यांची कारणे त्यांना पुस्तकात सापडतात. आणि माझ्या पुस्तकी शब्दांना त्यांच्या हातामुळे अर्थ येतो. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग आहे, असे मला वाटते.

थोडेसे शिकल्यामुळे मी काही मेस्त्री झाले नाही. परंतु गॅरेजात गेल्यावर काय विचारावे, हे आता कळते आणि मेस्त्रीच्या बिलातील मजुरीचा आकडा पूर्वीसारखा डोळ्यांत खुपत नाही. त्या आकड्यात किती वर्षांचे निरीक्षण आहे, याची थोडीशी कल्पना आली आहे. ज्यांच्या घरात अशी विद्या आहे, त्या माझ्या मित्रमैत्रिणींनी ती मागची गोष्ट समजून टाकून देऊ नये. पदवी आपण मिळवूच. तिच्याबरोबर हीही घरून मागून घ्यावी.