नदीचे पाणी, गाळ आणि मासा

सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील मोठ्या बाजाराचे गाव. सरपणी नदी येथूनच वाहते. तालुक्याचे पाणी तापीच्या खोऱ्यात उतरते आणि तापीवर १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा जलाशय याच तालुक्यापर्यंत पसरला आहे. नदी-नाल्यांतील मासा हे येथील आदिवासी कुटुंबांचे स्वस्त व सकस अन्न होय. म्हणूनच हे अन्न निर्दोष राखणे अगत्याचे आहे.

शिसे, कॅडमियम, पारा आदी जड धातू पाण्यात मिसळले तरी त्यांचा नाश होत नाही. ते गाळाला चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे वरचे पाणी नितळ दिसते, प्रसंगी तपासणीतही निर्दोष ठरते. तळाचा गाळ मात्र दूषित असू शकतो. माशांच्या शरीरात हे धातू कल्ल्यांवाटे व अन्नावाटे शिरतात. कॅडमियम प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडात, तर शिसे हाडांतही साठते.

पाऱ्याची रीत निराळी आहे. गाळातील सूक्ष्म जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा पारा किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मरळीसारख्या शिकारी माशांत जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. तो मांसातच भिनत असल्याने धुण्याने वा शिजविण्याने निघत नाही.

याचा दारुण अनुभव जपानने घेतला. मिनामाता उपसागरातील मासे खाऊन जडलेला मज्जासंस्थेचा विकार १९५६ साली उजेडात आला. पुढे १९६५ मध्ये निइगाता प्रांतातील अगानो नदीकाठीही तोच विकार आढळला. दोन्ही ठिकाणी कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा कारणीभूत होता. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीच्या खाडीतील गाळात पाऱ्याचे वाढलेले प्रमाण शास्त्रीय पाहणीत दिसून आले आहे.

मिथिल पारा गर्भातील बालकाच्या मेंदूला, शिसे लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीला आणि कॅडमियम मूत्रपिंडाला अपाय करते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे, असे भारतीय मानक सांगते. यावरून अल्प मात्राही किती घातक आहे, याची कल्पना यावी.

एकदा गाळात मुरलेला धातू काढणे अत्यंत कठीण व खर्चाचे असते. तेव्हा तो नदीत जाऊ न देणे हाच खरा उपाय. महामार्गावरील गावांत वाहन दुरुस्तीची दुकाने असतात. तेथील जुन्या बॅटऱ्या नदीकाठी फोडल्या जाणार नाहीत व त्यांतील आम्ल ओढ्यात ओतले जाणार नाही, याकडे ग्रामपंचायतीने लक्ष द्यावे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये निकामी बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारांकडेच जावयास हव्यात. फुटलेल्या ट्यूबलाइट व तापमापक ओढ्यात टाकू नयेत. दूषणाची शंका आल्यास केवळ पाण्याची नव्हे, तर गाळ व माशांचीही तपासणी व्हावी, असा आग्रह संबंधित अधिकाऱ्यांनी धरावा.

मासा शिजविण्यापूर्वी कल्ले व आतडी-काळीज काढून टाकण्याची सवय चांगली. त्याने धोका काही अंशी कमी होतो. शिक्षकांनी ही माहिती मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावी. मात्र भीतीपोटी कोणाच्या ताटातील मासा जाता कामा नये. वाढत्या मुलांना त्याची गरज आहे. ताटातील मासा राखावयाचा तर आधी नदीचा तळ राखला पाहिजे.